झाड होतं तिथून

मानाग्वाच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो, तेव्हा माझ्या खिशात पत्त्याची एक चिठ्ठी होती. तिच्यावर घराचा नंबर नव्हता, रस्त्याचं नाव नव्हतं, पिनकोडचा तर प्रश्नच नाही. स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं: ‘छोटं झाड होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक खाली.’ मला वाटलं, यजमानानं घाईत काहीतरी अर्धवट लिहिलंय. टॅक्सीवाल्यानं मात्र चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि गाडी काढली. वाटेत मी विचारलं, ते झाड लांब आहे का? तो म्हणाला, झाड नाहीये, होतं. आणि ‘खाली’ म्हणजे उतार असेल म्हणून मी खिडकीतून बघत बसलो, तर रस्ता तव्यासारखा सपाट.

उलगडा दोन दिवसांनी झाला. तळं शहराच्या उत्तरेला आहे, म्हणून ‘तळ्याकडे’ म्हणजे उत्तर. सूर्य वर येतो ती पूर्व, म्हणून तिला ‘वर’ म्हणायचं. मावळतो ती पश्चिम, म्हणजे ‘खाली’. दक्षिणेला मात्र दक्षिणच म्हणतात. आणि मोजायला सुरुवात करायची ती बहुतेक वेळा आता नसलेल्या जागेपासून. 23 डिसेंबर 1972 च्या मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासात भूकंप झाला, शहराचा मध्यभाग बसला, हजारो माणसं गेली. तो मध्यभाग पुढे कधी पहिल्यासारखा उभा राहिलाच नाही. दुकानं गेली, सिनेमाघरं गेली, पत्ते राहिले. भूकंपानंतर जन्मलेला पोरगाही आजोबांच्या काळातल्या थिएटरपासून चौक मोजतो.

पुस्तक लिहायला बसलो तेव्हा आधी कालानुक्रमानं प्रकरणं पाडली होती. मग ती चिठ्ठी आठवली आणि आराखडा मोडला. निकाराग्वाचा इतिहास मला तिथल्या पत्त्यासारखाच सांगावासा वाटला: न खोदलेल्या कालव्यापासून, जाळलेल्या शहरापासून, न सापडलेल्या प्रेतापासून चौक मोजत.

आधी देश कुठे आहे ते बघू. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत सात देश आहेत. त्यांतला आकारानं सगळ्यात मोठा निकाराग्वा. मोठा म्हणजे सुमारे 1,30,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या निम्म्यालाही थोडा कमीच. वस्ती सत्तर लाखांच्या घरात. उत्तरेला होंडुरास, दक्षिणेला कोस्टा रिका, पश्चिमेला प्रशांत महासागर, पूर्वेला कॅरिबियन समुद्र. आपल्याकडे पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला अडतो. तिथे तो पूर्वेकडून येतो. त्यामुळे कॅरिबियनची बाजू चिंब, दाट जंगलाची आणि विरळ वस्तीची. पॅसिफिकची बाजू त्या मानानं कोरडी, पण ज्वालामुखीच्या राखेनं सुपीक झालेली. माणसं, शहरं, सत्ता सगळी याच बाजूला. मधल्या डोंगराळ भागात, मातागाल्पा आणि हिनोतेगाच्या परिसरात, कॉफीचे मळे.

पश्चिमेच्या सखल पट्ट्यात ज्वालामुखींची रांगच्या रांग आहे आणि तिच्या अंगाला दोन तळी. धाकटं मानाग्वाचं. थोरलं कोसिबोल्का, ज्याला नकाशात निकाराग्वा सरोवर म्हणतात. आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं हे गोडं पाणी. त्याच्या मधोमध ओमेतेपे नावाचं बेट: दोन ज्वालामुखी समोरासमोर उभे आणि मध्ये जमिनीची कंबर. या तळ्यात शार्क आहेत. गोड्या पाण्यातली ही वेगळीच जात असावी, असं अभ्यासकही बरीच वर्षं मानत होते. मग शार्कना खुणेचे बिल्ले लावून सोडलं, तेव्हा कळलं की हे समुद्रातलेच. सान हुआन नदीचे धबाबा वाहणारे उतार चढून तळ्यात येतात आणि परतही जातात.

शार्कला सापडलेली ही वाट माणसांनाही सापडली, आणि देशाच्या कपाळी पुढचं सगळं तिथेच लिहिलं गेलं. कॅरिबियनमधून सान हुआन नदीनं वर या, तळं ओलांडा, पलीकडच्या काठावर उतरलात की पॅसिफिक जेमतेम वीस किलोमीटरांवर. तळ्याची पातळी समुद्रापेक्षा तीसेक मीटर वर. ज्याच्या हातात फूटपट्टी आणि नकाशा आला, त्याला इथे कालवा दिसला. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिशांना दिसला, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकनांना दिसला, एकविसाव्या शतकातल्या एका चिनी उद्योगपतीलाही दिसला. कुणीही तो पुरा केला नाही.

1849 मध्ये कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. न्यूयॉर्कहून खुष्कीच्या मार्गानं जायचं तर जीव मुठीत. कॉर्नेलियस व्हँडरबिल्टनं 1851 पासून निकाराग्वातून प्रवासी नेण्याचा धंदा उभा केला: बोटीनं नदी, आगबोटीनं तळं, शेवटचा टप्पा खेचरांवर नाहीतर घोडागाडीत, आणि पलीकडे पॅसिफिकमध्ये दुसरी बोट तयार. मार्क ट्वेनही याच वाटेनं गेला होता, उलट्या दिशेनं, सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्ककडे.

आता दुसरं सूत्र. देशात दोन शहरांचं हाडवैर होतं. दोन्ही 1524 मध्ये वसलेली: लेओन उदारमतवाद्यांचं, ग्रानादा सनातन्यांचं. (दोन्ही वसवणारा फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा. वरिष्ठानं दोनच वर्षांत त्याचं मुंडकं उडवलं. आज देशाच्या चलनाचं नाव कोर्दोबा आहे.) राजधानी इकडे की तिकडे यावरून इतकं रक्त सांडलं की 1852 मध्ये शेवटी दोघांच्या मधलं मानाग्वा हे गाव राजधानी म्हणून कायम केलं. तडजोड राजकीयदृष्ट्या शहाणपणाची होती. जमिनीखाली भूकंपाच्या भेगा आहेत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात असणार? 1931 मध्ये एकदा आणि 1972 मध्ये दुसऱ्यांदा राजधानी कोसळली.

भांडण त्या तडजोडीनं मिटलं नाहीच. 1855 मध्ये लेओनवाल्यांनी ग्रानादावाल्यांचा बंदोबस्त करायला टेनेसीचा विल्यम वॉकर नावाचा माणूस भाड्यानं आणला. शिक्षणानं डॉक्टर, पुढे वकील, पत्रकार. साठेक माणसं घेऊन आला, काही महिन्यांत ग्रानादा घेतलं आणि 1856 मध्ये स्वतःच राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. मध्य अमेरिकेत 1824 मध्येच रद्द झालेली गुलामगिरी यानं पुन्हा कायदेशीर केली. पण त्याची एक चूक महाग पडली: त्यानं व्हँडरबिल्टच्या बोटी जप्त करून त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना दिल्या. मग एका बाजूनं व्हँडरबिल्टचा पैसा आणि दुसऱ्या बाजूनं कोस्टा रिकासह सगळे शेजारी एकत्र आले. माघार घेताना वॉकरच्या लोकांनी ग्रानादा पद्धतशीर जाळलं आणि राखेत एक पाटी रोवली: ‘इथे ग्रानादा होतं.’ 1860 मध्ये होंडुरासात वॉकरला गोळ्या घातल्या गेल्या. ग्रानादा पुन्हा वसलं, आज पर्यटक तिथल्या पिवळ्या चर्चसमोर फोटो काढतात. पण त्या देशातला सगळ्यात थोडक्यात लिहिलेला इतिहास कुठला असं मला विचाराल, तर मी त्या पाटीकडे बोट दाखवीन.

कालव्याची गोष्ट अजून व्हायची आहे, आणि तिच्यापाशी मला जरा रेंगाळायचंय. लहानपणी माझ्याकडे परदेशी तिकिटांची वही होती. निकाराग्वाचं पान भरगच्च असायचं, कारण मिसळ पाकिटांत त्या देशाची चित्रविचित्र तिकिटं स्वस्तात यायची. देश नकाशात कुठे आहे, याचा पत्ता नसताना त्याचं नाव मला पाठ होतं. एका तिकिटानं या देशाचं भवितव्य फिरवलं, हे कळायला पुढे वीस वर्षं गेली. जानेवारी 1902 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहानं निकाराग्वातून कालवा काढण्याच्या बाजूनं 308 विरुद्ध 2 असं मत दिलं होतं. पनामात फ्रेंचांचा फसलेला खड्डा पडून होता आणि तो अमेरिकेच्या गळ्यात 4 कोटी डॉलरला मारायला एक फ्रेंच इंजिनिअर धडपडत होता, फिलिप ब्युनो-व्हारिया. मे महिन्यात मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखी फुटला आणि सेंट-पिएर हे आख्खं शहर मिनिटांत संपलं. ब्युनो-व्हारियाला आठवलं, निकाराग्वाच्या 1900 सालच्या तिकिटावर धूर ओकणारा मोमोतोंबो ज्वालामुखी आहे. वॉशिंग्टनमधल्या तिकीटविक्रेत्यांकडून त्यानं नव्वद तिकिटं मिळवली आणि एकेका सिनेटरला एकेक पाठवलं: बघा, त्यांचंच सरकार काय छापतंय. 19 जून 1902 ला सिनेटनं 42 विरुद्ध 34 मतांनी पनामाला कौल दिला. फक्त तिकिटामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पैसा, वकिली, पुढाऱ्यांचं राजकारण सगळं होतं. तरी त्या टीचभर कागदाचा वाटा कुणी नाकारत नाही. ज्या देशानं आपलं वैभव म्हणून डोंगर छापला, त्याला तोच नडला.

कालवा गेला, पण कालव्याच्या शक्यतेची किंमत चुकवायची राहिली होती. दुसऱ्या कुणी इथे खोदू नये, म्हणून अमेरिकेनं 1914 च्या करारानं 30 लाख डॉलरमध्ये कालव्याचा कायमचा हक्क विकत घेतला. खोदण्यासाठी घेतलेला नव्हता, कुणाला खोदू न देण्यासाठी घेतलेला. 1912 पासून, मधली थोडी फट सोडली तर, 1933 पर्यंत अमेरिकी मरीन सैनिक देशात ठाण मांडून होते.

त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आउगुस्तो सांदिनो: जमीनदार बाप आणि त्याच्याच घरी राबणारी आदिवासी आई यांचा अनौरस मुलगा. 1927 मध्ये बाकीच्या सेनानींनी शस्त्रं खाली ठेवली, यानं ठेवली नाहीत. उत्तरेच्या डोंगरांत सहा वर्षं तो मरीनांना पुरून उरला. ते गेल्यावर त्यानं बोलणी केली. 21 फेब्रुवारी 1934 च्या रात्री राष्ट्राध्यक्षांकडे जेवून बाहेर पडताना नॅशनल गार्डनं त्याला पकडलं आणि ठार केलं. प्रेत आजतागायत सापडलेलं नाही. हे गार्ड अमेरिकेनं उभं केलं होतं आणि त्याचा प्रमुख होता आनास्तासिओ सोमोसा. पुढची चाळीसहून अधिक वर्षं देश सोमोसा घराण्याच्या खासगी मालमत्तेसारखा चालला. थोरल्या सोमोसाला 1956 मध्ये लेओनमध्ये एका तरुण कवीनं गोळ्या घातल्या, मग मोठा मुलगा आला, मग धाकटा. त्या कारकिर्दींची तपशीलवार जंत्री मी दिलेली नाही. घराणेशाहीचे नमुने मराठी वाचकाला नव्यानं समजावून द्यावे लागतील असं वाटत नाही. 1972 च्या भूकंपानंतर मदतीचा ओघ धाकट्याच्या खिशाकडे वळला, तेव्हा ज्यांचं सोमोसांशी वाकडं नव्हतं तेही फिरले, एवढं ध्यानात असलं की पुरे.

10 जानेवारी 1978 ला ‘ला प्रेन्सा’ या दैनिकाचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांचा मानाग्वात भर रस्त्यात खून झाला. 19 जुलै 1979 ला सांदिनिस्ता बंडखोर राजधानीत शिरले. प्रेत न सापडलेल्या माणसाच्या नावानं उभारलेली ही क्रांती. 1980 मध्ये पाच महिने शहरी विद्यार्थी कंदील घेऊन खेड्यांत गेले आणि निरक्षरता निम्म्यावरून तेरा टक्क्यांच्या आसपास आणली, असा सरकारचा हिशेब होता. आकड्यावर वाद घालता येतो, त्या उत्साहावर नाही. मग रेगन सरकारनं पोसलेल्या क्रांतिविरोधी कोंत्रांचं युद्ध आलं. अमेरिकेनं निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले, निकाराग्वा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि 27 जून 1986 ला न्यायालयानं निकाल निकाराग्वाच्या बाजूनं दिला. त्या न्यायालयाचे अध्यक्ष तेव्हा आपले नागेंद्र सिंह होते, डुंगरपूरच्या राजघराण्यातले. अमेरिकेनं निकाल मानला नाही. मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी त्याच उन्हाळ्यात तीन आठवडे निकाराग्वात होते. त्यावर त्यांनी छोटं पुस्तकही लिहिलं. ते भारावून गेलेले दिसतात, पण डोळे मिटून नव्हे. ‘ला प्रेन्सा’वरची बंदी त्यांना खटकली होती.

या पुस्तकात मी चामोरो कुटुंबाला एक पूर्ण प्रकरण दिलंय, कारण देशाची फाळणी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाली होती. खून झालेल्या संपादकांच्या पत्नी व्हिओलेता. चार मुलं. एक मुलगा कोंत्रांच्या बाजूला, एक मुलगी वडिलांच्या पेपरात, दुसरा मुलगा सांदिनिस्तांच्या मुखपत्राचा संपादक, दुसरी मुलगी त्यांच्याच सरकारची राजदूत. 1990 च्या निवडणुकीत याच व्हिओलेता बाईंनी सांदिनिस्ता राष्ट्राध्यक्ष दानिएल ओर्तेगांना हरवलं, आणि ओर्तेगांनी खुर्ची सोडली. क्रांतीनं सत्ता बंदुकीनं घेतली आणि मतपेटीनं दिली. तसं वारंवार घडत नाही.

पुढचं मात्र लिहिताना हात जड झाला. 2006 मध्ये ओर्तेगा 38 टक्के मतांवर पुन्हा निवडून आले. तेवढ्यात जिंकता यावं असा नियम आधीच जुन्या शत्रूशी संगनमत करून बदलून घेतला होता. तेव्हापासून त्यांनी खुर्ची सोडलेली नाही. 2013 मध्ये त्यांनी एका चिनी उद्योगपतीच्या कंपनीला नव्या कालव्याचा मक्ता दिला, 2014 मध्ये वाजतगाजत मुहूर्त झाला, जमिनी जातील म्हणून शेतकरी रस्त्यावर आले, आणि 2024 मध्ये मक्ता रद्द झाला. खणलेलं काहीच नाही. एप्रिल 2018 मध्ये पेन्शनच्या कपातीवरून आंदोलन पेटलं, तीनशेहून जास्त माणसं मारली गेली. 1974 मध्ये ज्या धाडसी छाप्यामुळे ओर्तेगा सोमोसाच्या तुरुंगातून सुटले, त्यात उगो तोरेस होते. ते फेब्रुवारी 2022 मध्ये ओर्तेगांच्या कैदेत असताना वारले. 2023 मध्ये 222 राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला धाडलं आणि त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. कादंबरीकार सेर्हिओ रामिरेस, जे 1980 च्या दशकात ओर्तेगांचेच उपराष्ट्राध्यक्ष होते, तेही नागरिकत्व गमावून बसले. 2025 च्या सुरुवातीला राज्यघटना बदलून पती-पत्नी, ओर्तेगा आणि रोसारिओ मुरियो, दोघंही ‘सहराष्ट्राध्यक्ष’ झाले.

एक कबुली. मूळ आराखड्यात कॅरिबियन किनाऱ्याला अर्धं प्रकरण होतं. आता अडीच आहेत. स्पॅनिश कधी पुरते पोहोचलेच नाहीत असा हा भाग. मिस्कितो लोकांचा राजा, त्याच्या पाठीशी ब्रिटिश, इंग्रजी वळणाची क्रिओल भाषा, कॅथलिकांऐवजी मोरेव्हियन चर्च. 1894 मध्ये मानाग्वानं तो बळानं जोडून घेतला. 1980 च्या दशकात क्रांतीच्या सरकारनं कोको नदीकाठची मिस्कितो गावं सक्तीनं उठवली आणि मग 1987 मध्ये स्वायत्तता दिली. पश्चिमेचा माणूस तिकडे जाताना आजही परदेशी गेल्यासारखा बोलतो. म्हणून एक खुलासा: या पुस्तकात सगळी नावं मी स्पॅनिश उच्चारानं लिहिली आहेत, ओर्टेगा नाही तर ओर्तेगा, सँडिनिस्टा नाही तर सांदिनिस्ता. फक्त या किनाऱ्यावरचं ब्लूफिल्ड्स शहर ब्लूफिल्ड्सच ठेवलंय. तिथल्या माणसाला दुसरं काही म्हटलं, तर तो तुम्हाला मानाग्वाचा समजेल.

मुरियो बाईंनी 2013 पासून राजधानीत लोखंडी झाडं लावली, चारमजली उंच, फांद्यांची वेटोळी, रात्री हजारो दिवे. सरकारी नाव ‘जीवनवृक्ष’. 2018 च्या आंदोलनात पोरांनी ती करवतीनं कापून दोर लावून पाडली. गर्दी टाळ्या वाजवत होती, पडलेल्या झाडावर नाचत होती. पुढे काही पुन्हा उभारली गेली. कधीतरी ‘लोखंडी झाड होतं तिथून’ असे पत्ते निघतील, असं मी माझ्या यजमानाला लिहिलं, तर त्याचं उत्तर सान होसेहून आलं. आता तो कोस्टा रिकात असतो, हजारो देशबांधवांसारखा. व्हिओलेता बाईही जून 2025 मध्ये तिथेच वारल्या; देशात पुन्हा प्रजासत्ताक येईपर्यंत त्यांना तिथेच विसावा, असं घरच्यांनी सांगितलं.

पुस्तक छापून झालं की एक प्रत त्याला पाठवायची आहे. पत्ता त्यानं कळवलाय: सान पेद्रोमधल्या जुन्या उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला. उंबर आहे का, हे मी विचारलेलं नाही.